बोटीआधी पाळ बघा

(पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या नागपूरकर काकांचे प्रश्नोत्तरांचे सदर)

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही प्रतापनगरला राहतो. घरात सहा माणसं: आम्ही दोघे, सासू-सासरे (सासऱ्यांचे गुडघे दुखतात), नववीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. अंबाझरी, फुटाळा पोरांना पाठ झालेत. खिंडसीला दोनदा गेलो, बोटीत बसलो, भजी खाल्ली, परत आलो. आता एखादा खरोखर मोठा तलाव बघावा म्हणतो, पण मुक्काम जमणार नाही, सोमवारी मुलाची परीक्षा आहे. नवेगाव बांध एका दिवसात होईल का? तिथे बोटिंग कसे आहे आणि बघण्यासारखे पॉइंट कोणते? – एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर: होईल, ताई. फक्त निघायची वेळ माझी पाळावी लागेल आणि 'पॉइंट' हा शब्द प्रतापनगरातच ठेवून जावा लागेल.

पहाटे साडेचार. 'निघतोच आहे' म्हणत पावणेसहा नाही. नागपूरपासून नवेगाव बांध साधारण १४० किलोमीटर. भंडारा, लाखनी, साकोली करत महामार्गाने कोहमाऱ्यापर्यंत जायचे आणि तिथून उजवीकडे, अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागायचे. तीन तास धरा. चहा भंडाऱ्याच्या पुढे घ्या. भंडाऱ्यात थांबलात की कोणीतरी पोहे मागवतो आणि मग सूर्य वर येतो. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या पुलाच्या आसपास धुके असते, तिथे गाडी सावकाश. सासऱ्यांना साकोलीला उतरवून पाय मोकळे करू द्या, पुढे जंगलाचा पट्टा आहे.

वेळेबद्दल मी एवढा हट्ट धरतो त्याला कारण आहे. १९९८ च्या मे महिन्यात मी बायको-मुलांना घेऊन तिथे दुपारी साडेबाराला पोचलो. वाटभर पक्ष्यांच्या गोष्टी सांगत होतो. पोचलो तर पाणी नुसते पांढरे, डोळ्यांवर आरसा धरल्यासारखे, आणि पक्षी औषधालाही नाही. बायको गाडीतून उतरलीच नाही. 'यापेक्षा घरी कूलरसमोर बसले असते' हे वाक्य मी अजून वर्षातून दोनदा तरी ऐकतो. चूक पूर्ण माझी होती. पाटबंधाऱ्यातला माणूस असून मला तलावाचे वेळापत्रक कळले नव्हते.

तर जायचे नोव्हेंबर ते जानेवारीत. तलाव पावसाने भरलेला असतो, धान कापणीला आलेले किंवा नुकते कापलेले, आणि पाहुणे पक्षी उतरलेले. पट्टकदंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस हिमालय ओलांडून येतात. तलवार बदके येतात. हळदी-कुंकू बदक तर इथलेच, चोचीच्या टोकाला पिवळे आणि बुडाशी लाल. तुमच्या दुसरीतल्या मुलीला हे नाव सांगा, ती दिवसभर तेच शोधेल. काठाच्या गवतात जांभळी पाणकोंबडी हमखास दिसते. दुर्बीण नसेल तर शेजाऱ्यांकडून मागून घ्या. सारस दिसेलच असे समजू नका. महाराष्ट्रातले बहुतेक सारस गोंदिया जिल्ह्यातच राहतात हे खरे, पण तो पक्षी धानाच्या बांध्यांतून आपल्या मर्जीने फिरतो, सहलीच्या मर्जीने नाही.

आता बोटीचे. असली आणि वारा नसला तर बसा. पण बोटीचा भरवसा धरून घरून निघू नका आणि ती पहिली करू नका. तलाव सुमारे ११ चौरस किलोमीटरचा. बोट त्यातला एक कोपरा फिरवून आणते आणि मुले म्हणतात, झाले, आता काय? आधी पाळीवर चला. आपल्याकडे धरणाची भिंत म्हणतात, तिकडे पाळ म्हणतात. सगळ्यांनी मिळून शंभर पावले चालायचे, सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची न्यायची आणि ते दमतील तिथे उघडायची. एका हाताला पाणी, डोंगरांपर्यंत गेलेले. दुसऱ्या हाताला खाली धानाच्या बांध्या आणि गाव. पाण्याची पातळी कुठे आणि शेताची पातळी कुठे, हे नुसत्या डोळ्यांनी मोजा. नववीतल्या पोराला विचारा, पाणी तिकडून इकडे कसे येत असेल? मोटर नाही, बरं का.

जुन्या तलावांत हे काम तुडूम करी. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी बांधकाम, त्यात एकाखाली एक भोके, आणि भोकांत लाकडी गुट्टे ठोकलेले. तलाव भरलेला असताना वरचा गुट्टा काढायचा. पाणी उतरले की त्याच्या खालचा. म्हणजे नेहमी वरवरचे पाणीच बाहेर पडते, जोर बेताचा राहतो, पाळीला धक्का बसत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी साकोली तालुक्यातल्या एका छोट्या तलावावर मी एका म्हाताऱ्याला छातीभर पाण्यात उतरून पायाच्या अंगठ्याने गुट्टा चाचपताना पाहिले. मी डिप्लोमा घेऊन ताजा ताजा आलेलो. त्याला म्हटले, आजोबा, इथे लोखंडी झडप बसवू. तो म्हणाला, 'बसवा साहेब. बिघडली की तुम्ही याल का?' झडप बसली. मी पुन्हा गेलो तेव्हा ती गंजून घट्ट झाली होती.

आजूबाजूच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. तलाव बांधला कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि या बहिणींनी त्यांना हात दिला अशी गावची श्रद्धा. पुढे कोलू पाटलांनाच लोकांनी देव केले. कोलासूर म्हणून त्यांचे ठाणे आहे, तिथे माणसे नवस बोलतात. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, त्या नारळ घेऊन येतील. माझ्या माहितीत पाटबंधाऱ्याच्या माणसाचा देव झाल्याचे हे एकच उदाहरण. आमच्या खात्यात लोक हात जोडतात ते बदलीच्या अर्जासाठी.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून या भागात राहिले. इथल्या पक्ष्यांची जानपछान करून द्यायला त्यांना गावातलेच माधवराव पाटील डोंगरवार भेटले. तुम्हीही गावातला एखादा ढीवर गाठा. तो मासेमारीच्या डोंग्यावरून किनाऱ्याला आलेला असतो सकाळी आठ-नऊला. जाळ्यात काय सापडले विचारा, मरळ आहे का विचारा, आणि शिंगाड्याचा हंगाम असेल तर काळेशार उकडलेले शिंगाडे घ्या. त्याला वेळ असेल तर पाण्यातली कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे तो सांगेल. देवधान नावाचे रानटी धान अशा तलावांच्या काठी आपोआप उगवते, तेही दाखवेल. आणि बेशरम दाखवेल. ती मोठ्या जांभळट फुलांची झुडपे फोटोत छान दिसतात, पण ती वाढली की तलावाचा काठ गेला समजा.

जेवण घरून न्या. पिठले-भाकरी, ठेचा, गूळ. सासूबाई करतातच. साडेबारापर्यंत सावलीत बसून खा आणि तलाव सोडा. तीनपर्यंत 'अजून थोडा वेळ' करत बसू नका. दुपार दुसरीकडे घालवा. प्रतापगडला जा: डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. चढ आहे, सासरे गाडीत बसतील. नाहीतर गोठणगावची तिबेटी वसाहत बघा, इटियाडोह धरण तिथून जवळ. धानाच्या मुलखात एकदम रंगीत पताका दिसल्या की मुले विचारतात, आपण कुठे आलो? दोन्ही करू नका. एकच.

राष्ट्रीय उद्यानाची सफारी याच दिवसात बसवू नका. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात. वाघ बघायचा तर त्याचा वेगळा दिवस, वेगळे बुकिंग, वेगळे नशीब.

प्रश्न: काका, नवेगाव बांध नैसर्गिक आहे असे माझे वडील म्हणतात, मी म्हणतो धरण आहे. पैज लागली आहे. आणि मालगुजारी तलाव म्हणजे काय? – कॉलेज विद्यार्थी, नागपूर

उत्तर: पैज तुम्ही जिंकलात, पण वडिलांना फार चिडवू नका. तीनशे वर्षांत माणसाने केलेली गोष्टही नैसर्गिक दिसायला लागते. डोंगरांच्या मधली घळ पाळ घालून अडवली, एवढेच.

चंद्रपूरच्या गोंड राजांच्या काळात अशी पद्धत होती की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळे. कोलू पाटलांच्या कोहळी समाजाला या कामाची जाण होती. जमिनीचा उतार, कुठली माती पाळीला चालते, सलंग कुठे काढायची. सलंग म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जायची वाट. ही जागा चुकली की पाळ फुटते. आपण नागपूरकरांनी २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडल्यावर हे घरात पाणी शिरून शिकलो. माझ्या मेहुण्याचा फ्रिज तरंगत होता.

भोसले आणि पुढे इंग्रजांच्या काळात मालगुजार हे गावचे सारा वसूल करणारे; तलाव त्यांच्या नावावर, दुरुस्ती त्यांच्याकडे आणि गावाकडे. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. कागदावर म्हणून आम्ही त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' लिहीत होतो, बोलताना 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर आहेत. मालगुजार गेला हे बरेच झाले. पण गाळ काढायला गावाने वर्षातून एकदा फावडे घेऊन यायचे, हेही त्याच्याबरोबर गेले. आणि ते फावडे आमच्या खात्याला उचलता आले नाही, हे मी तिथे तीस वर्षे काढून सांगतो.

तुमच्या वडिलांना अजून एक विचारा: नवेगाव बांध कोणत्या जिल्ह्यात? 'भंडारा' म्हणाले तर १ मे १९९९ पर्यंत तेही बरोबर होते. त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

प्रश्न: गाडी नाही. रेल्वेने एका दिवसात जमेल का? – ज्येष्ठ नागरिक, इतवारी

उत्तर: ओढून-ताणून. गोंदिया–बल्लारशा मार्गावर देवलगाव स्टेशन नवेगावला जवळ, पण नागपूरहून आधी गोंदिया, तिथे गाडी बदला, मग पॅसेंजर. दिवस फलाटावर जाईल. साकोलीपर्यंत एसटीने जा आणि तिथून पुढची गाडी बघा, ते बरे. चार जण जमत असतील तर भाड्याची गाडी करा आणि ड्रायव्हरला आदल्या रात्रीच साडेचार सांगा. तो पाचला येतो, म्हणून चार सांगा.