महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याला शिवसागर जलाशयात बोटिंगसाठी कोणते महिने चांगले?

ऑक्टोबर ते जानेवारी. शिवसागर हा कोयना धरणाचाच जलाशय. हे धरण (साठा सुमारे 105 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) पावसाळ्यात भरतं आणि नंतर वीजनिर्मिती व सिंचनासाठी पाणी सुटत राहतं. तापोळा जलाशयाच्या वरच्या टोकाला, धरणभिंतीपासून लांब असल्याने पातळी उतरली की पाणी आधी इथूनच मागे सरकतं. काठाच्या झाडीखाली तांबड्या मातीचा उघडा पट्टा दिसला, तर तो जितका रुंद तितकी पातळी खाली समजा. मे महिन्यात गेलातच तर काठावरच्या गाळात उतरू नका, वरून सुकलेला दिसला तरी पाय गुडघ्यापर्यंत रुततो. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बोटीत बसण्याआधीच आवळा. सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर मानेवर चढतं. भर पावसात मात्र बोटिंगचा बेत आखू नकाच.