अंगठा उमटला, पण विचारलं कुणी?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सोलापुरात दत्त नगरला राहतो. माझी अम्मा विड्या वळते. गेल्या महिन्यात कारखान्यात एका कॉलेजची माणसं आली. तंबाखूच्या धुळीनं फुफ्फुसावर काय परिणाम होतो याचा अभ्यास आहे, म्हणाली. माल द्यायला आलेल्या बायकांना तिथंच रांगेत बसवलं, रक्त घेतलं, नळीत फुंकायला लावलं. कागद इंग्रजीत. अम्माला वाचता येत नाही. तेलुगू नीट कळतं, मराठी कामापुरतं. माल तपासणारे म्हणाले, "सगळ्यांनी अंगठे करा, सरकारी काम आहे." तिनं केला. प्रत दिली नाही, रिपोर्टही नाही. आता पुन्हा रक्त द्यायला बोलावलंय. अम्मा म्हणते, नाही गेलं तर पान-तंबाखू कमी देतील. हे बरोबर आहे का?
— बी.कॉम.ची विद्यार्थिनी

उत्तर : आधी अम्माला एवढं सांग, की पुन्हा जायचं की नाही हे तिनंच ठरवायचं आहे. जायचं नसेल तर कारण द्यावं लागत नाही. एकदा अंगठा दिला म्हणून ती बांधली गेलेली नाही. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यावरून तिचं काम, मजुरी किंवा दवाखान्यातले उपचार यांना धक्का लागता कामा नये.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, हे बरोबर झालेलं नाही. इंग्रजी कागद चूकच, पण मला त्याहून जास्त खटकतो तो माल तपासणारा माणूस. हजार विड्यांतल्या किती पास करायच्या आणि किती छाटायच्या हे ज्याच्या हातात, तोच समोर उभा राहून 'अंगठे करा' म्हणाला, तर कुठली बाई नाही म्हणेल? तिची त्या दिवसाची मजुरी त्याच्या बोटांवर ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्यांवर दबाव येऊ शकतो, म्हणून त्यांची जास्त काळजी घ्यायची. कारखान्यात शिरायला मालकाची परवानगी लागेल, पण त्या परवानगीनं बायकांची संमती मिळत नाही. ती एकेकीला वेगळं बसवून, तिच्या भाषेत समजावून, विचार करायला वेळ देऊनच घ्यावी लागते. जिला वाचता येत नाही तिच्या बाजूला एक त्रयस्थ, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार हवा. तो संशोधकांचा माणूस चालत नाही, आणि माझ्या मते कारखान्याचाही चालू नये.

वरच्या माणसानं खालच्यांच्या वतीनं हो म्हणणं आपल्याकडे आधीही झालंय. २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मम तेव्हा आंध्रात होतं, आता तेलंगणात आहे. कितीतरी संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचं उघड झालं. काही मुली दगावल्या. लसीमुळे दगावल्या असं चौकशीत सिद्ध झालं नाही, आणि आजही ती लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. पण २०१३ मध्ये संसदीय समितीनं संमतीच्या या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. चांगल्या लसीवरचाही लोकांचा विश्वास अशानं उडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरचे अभ्यास तपासून त्यांना मंजुरी देणाऱ्या समितीत, बरीच वर्षं सामान्य नागरिक म्हणून बसते. डॉक्टर नसलेला असा एक सदस्य समितीत असावाच लागतो. माझं काम मुख्यतः माहितीपत्रक वाचण्याचं. एकदा मसुद्यात वाक्य होतं : 'सहभागामुळे संभवणारी जोखीम न्यूनतम स्वरूपाची आहे.' मी म्हटलं, हे आमच्या अशोक चौकातल्या बाईला कळणार नाही. 'सुई टोचताना दुखेल, एखादा दिवस तिथं निळं पडेल. दोन चमचे रक्त घेऊ,' असं लिहा. तेलुगू प्रत वेगळी करा, कन्नडही करा, आणि ती घरी न्यायला द्या. अर्धा दिवस रांगेत गेला तर तेवढ्या विड्या कमी वळल्या जातात, तेव्हा बुडालेली मजुरी आणि रिक्षाभाडं द्या, हेही लिहायला लावलं. मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मुभा आहे. मात्र पैशाच्या मोहानं कुणी हो म्हणेल एवढी मोठी रक्कम नको.

आता काय करायचं? संशोधकांना फोन करून माहितीपत्रक आणि अम्माच्या अंगठ्याच्या कागदाची प्रत माग. त्यावर एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांचा संपर्क असायला हवा. प्रत देत नसतील तर कॉलेजच्या अधिष्ठात्यांच्या नावे साधा अर्ज लिही : अभ्यासाला मंजुरी कुणी दिली, रक्ताचं काय केलं, ते पुढच्या अभ्यासासाठी साठवलंय का, फुंकण्याच्या तपासणीत काय आलं. अम्माच्या तब्येतीचं काही निघालं असेल तर ते तिला कळायला हवं. रक्त नष्ट करा असंही ती सांगू शकते. नाव-खूण आधीच काढून टाकली असेल तर मात्र ते शोधता येत नाही. अर्जाची पोच घे. शेजारच्या चार-पाच बायकांनी मिळून दिला तर एकीवर राग निघणार नाही.

आणि अभ्यासच नको असं अम्माला वाटू देऊ नकोस. दिवसभर तंबाखूत बसणाऱ्या, त्याच हातांनी पोरांना भरवणाऱ्या बायकांच्या छातीत काय साठतं, हे कुणीतरी शोधायलाच हवं. तिला नीट विचारलं, तर कदाचित ती आनंदानं हो म्हणेल.

प्रश्न : मी एम.एस.डब्ल्यू. करतो. यंत्रमाग कामगारांच्या दारूच्या सवयीवर घरोघरी प्रश्नावली भरून घ्यायची आहे. मित्र म्हणतात, रक्त घ्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, मग एथिक्स कमिटीची मंजुरी कशाला?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : मंजुरी घ्या, आणि पहिला फॉर्म भरण्याआधी घ्या, नंतर मिळत नसते. प्रश्नानंही माणसाचं नुकसान होतं. सोलापूरच्या पूर्व भागातली यंत्रमाग कामगारांची घरं तुम्हाला ठाऊक आहेत : पुढच्या खोलीत माग, मागं संसार, दारात शेजारी. तिथं बायकोदेखत 'रोज किती पिता?' विचारलंत तर उत्तर खोटं मिळेल, आणि खरं मिळालं तर रात्री भांडण होईल. मालकाच्या कानावर गेलं तर कामही जाईल. माणसाला सुट्टीच्या दिवशी, त्याला सोयीच्या जागी गाठा. फॉर्मवर नाव नको, क्रमांक टाका. नाव-क्रमांकांची यादी वेगळी, कुलपात ठेवा. फोटो काढू नका. आणि कुणी 'सोडायची आहे' म्हणालाच, तर कुठं पाठवायचं तो पत्ता आधीच खिशात असू द्या.