वाचकांचे प्रश्न : नवा प्लेअर, जुना पेनड्राइव्ह

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत: सीडीजे (पायोनियरचा डीजेसाठीचा प्लेअर) बदलायचा की नाही, आणि बदलला तर काय काय अडतं. एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की स्पीकरची भिंत, ट्रक आणि जनरेटर असं सगळं एकत्र डोळ्यांसमोर येतं. इथे आम्ही फक्त गाणी वाजवणाऱ्या प्लेअरबद्दल बोलतो आहोत.

प्रश्न : माझ्याकडे सीडीजे-२००० नेक्सस २ ची जोडी आहे. लग्न, हळद आणि थोडी क्लबची कामं करतो. जोडी विकून सीडीजे-३००० घ्यावी का? (कोल्हापूर)

क्लबची कामं किती आहेत, यावर उत्तर ठरतं. तुम्ही जिथे वाजवता तिथे ३००० आधीच बसवलेला असेल, तर घरी सरावाला तोच असणं फायद्याचं. हात बटणांना सरावतात आणि ऐन वेळी शोधाशोध होत नाही. कामं मुख्यतः लग्नांची असतील, तर पैसा स्पीकर आणि मायक्रोफोनला लावा. वऱ्हाडाला स्क्रीन दिसत नाही, आवाज मात्र ऐकू येतो.

आता फरक. नेक्सस २ आला २०१६ मध्ये, ३००० आला २०२० मध्ये. सात इंची स्क्रीनची नऊ इंची झाली. आठही हॉट क्यू (गाण्यातल्या ठरवलेल्या जागी उडी मारणारी बटणं) स्क्रीनखाली एका ओळीत आले, त्यामुळे बँक बदलायची कटकट गेली. की सिंक आणि की शिफ्ट (गाण्याची पट्टी जुळवणं आणि बदलणं) मिळाले. पण दोन गोष्टी गेल्यासुद्धा. सीडीचा खण नाही. आणि प्लेअरमधलं साउंड कार्ड नाही, म्हणजे लॅपटॉप यूएसबीने जोडून आवाज थेट प्लेअरमधून काढत असाल तर ते बंद. आवाज मिक्सरच्या साउंड कार्डातून घ्यावा लागेल. तुमचा मिक्सर जुना, साउंड कार्ड नसलेला असेल, तर हा खर्चही हिशेबात धरा.

आणखी एक खर्च लोक विसरतात, तो म्हणजे फ्लाइट केस, प्लेअर नेण्याची मजबूत पेटी. ३००० ची खोली सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. नेक्सस २ साठी बनवलेल्या केसमध्ये तो बसत नाही. दोन प्लेअर आणि मिक्सर अशी एकत्र पेटी असेल तर ती पेटीच बदलावी लागते. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही.

२०२५ मध्ये ३०००एक्स आला आहे. त्याची स्क्रीन १०.१ इंची आहे आणि वाय-फाय आतच आहे. मांडवात इंटरनेटच्या भरवशावर गाणी लावण्याचा विचार असेल तर करू नका. शंभर फोन एकाच टॉवरवर लटकलेले असताना गाणं मध्येच थांबलं, तर मांडवातला राग तुमच्यावर निघेल.

प्रश्न : नवा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. लॅपटॉपवर चालतो, स्टुडिओतल्या नेक्सस २ वर मात्र दिसतच नाही. ड्राइव्ह खराब आहे का? (नाशिक)

बहुधा नाही. मोठे पेनड्राइव्ह दुकानातून येतात तेच एक्सफॅट फॉरमॅटमध्ये, आणि नेक्सस २ एक्सफॅट वाचत नाही. विंडोजचं एनटीएफएसही नाही, मॅकचं एपीएफएसही नाही. कुठल्याही पिढीच्या सीडीजेवर चालावा असं वाटत असेल तर ड्राइव्ह फॅट३२ मध्येच करा. त्याची एकच मर्यादा आहे, एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी नको. गाण्याला ती कधीच आडवी येत नाही.

विंडोजवर अडचण अशी की उजवी टिचकी मारून उघडणारी फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही. रूफस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ‘नॉन बूटेबल’ निवडा, पार्टिशन स्कीम एमबीआर, फाइल सिस्टिम फॅट३२. मॅकवर डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हाइसेस’ करून सगळ्यात वरच्या ओळीवर, म्हणजे ड्राइव्हच्या नावावर, इरेज दाबा. फॉरमॅट एमएस-डॉस (फॅट), स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड. मॅकवाले इथेच चुकतात. फॉरमॅट बरोबर निवडतात, पण स्कीम जीयूआयडी राहते आणि प्लेअर ड्राइव्ह ओळखत नाही. वरच्या ओळीऐवजी खालच्या ओळीवर टिचकी मारली तर स्कीमचा पर्याय दिसतच नाही, म्हणून ही चूक होते. आणि दोन्हीकडे लक्षात ठेवा, फॉरमॅट केला की ड्राइव्हवरचं सगळं जातं.

त्यानंतर गाणी रेकॉर्डबॉक्समधून (प्लेअरसाठी गाणी तयार करण्याचं सॉफ्टवेअर) एक्स्पोर्ट करा, फोल्डर ओढून टाकू नका. ओढून टाकलेली गाणी वाजतात, पण प्लेलिस्ट आणि हॉट क्यू येत नाहीत. एक्स्पोर्ट केल्यावर ड्राइव्हवर ‘पायोनियर’ आणि ‘कंटेंट्स’ असे दोन फोल्डर दिसतील. पहिल्यात यादी आणि वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) असतात, दुसऱ्यात गाणी. ‘हे काय फालतू’ म्हणून पहिला फोल्डर उडवणारे आमच्या पाहण्यात आहेत.

वेव्हफॉर्मच्या फाइली पिढीनुसार वेगळ्या असतात, हेही इथेच सांगून टाकतो. जुन्या प्लेअरसाठी डीएटी, त्यानंतरच्यांसाठी ईएक्सटी आणि ३००० च्या तीन रंगी वेव्हफॉर्मसाठी २ईएक्स. म्हणून जुन्या रेकॉर्डबॉक्सने भरलेला ड्राइव्ह ३००० ला लावला तर गाणी चालतात, पण नव्या सोयी पूर्ण दिसत नाहीत. रेकॉर्डबॉक्स अद्ययावत करा, गाण्यांचं पुन्हा विश्लेषण करा आणि नव्याने एक्स्पोर्ट करा. विश्लेषणात आपण हाताने बसवलेली ग्रिड (ठोक्यांवरच्या रेघा) पुसली जाऊ शकते, म्हणून तशी गाणी आधी लॉक करा.

ओपस-क्वाड, ओम्निस-ड्युओ, एक्सडीजे-एझेड आणि ३०००एक्स ही नवी मशीन ‘डिव्हाइस लायब्ररी प्लस’ (आताचं नाव ‘वनलायब्ररी’) नावाची वेगळी यादी वाचतात. कुठे कुठला प्लेअर मिळेल याचा नेम नसेल तर ड्राइव्हवर जुनी आणि ही, दोन्ही याद्या हव्यात. आणि ड्राइव्ह दोन ठेवा, तंतोतंत सारखे.

प्रश्न : जुन्या सीडी साडेतीनशेच्या वर आहेत. नव्या प्लेअरला खणच नाही. काय करू? (डोंबिवली)

कॉपी करा, पण घाईने एमपी३ करू नका. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा असतो. तो तसाच एआयएफएफमध्ये (आवाज न दाबणारा फाइलचा प्रकार) काढला तर मिनिटाला सुमारे १०.६ एमबी जागा लागते, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला ४२ एमबी. ६४ जीबीत अशी दीड हजार गाणी मावतात. डब्ल्यूएव्ही आवाजाने तेवढंच चांगलं, पण त्यात गाण्याची नावं नीट टिकत नाहीत आणि प्लेअरवर ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०१’ अशी रांग लागते. एफएलएसी जवळपास निम्मी जागा घेतं. ते नेक्सस २ आणि ३००० वर चालतं, २०१२ च्या पहिल्या नेक्ससवर नाही.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही सॉफ्टवेअर चरे असलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतात. सीडी मऊ कापडाने मध्यातून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नव्हे. गोल पुसताना पडलेला चरा डेटाच्या वाटेनेच जातो आणि सलग बराच भाग वाचता येत नाही.

एखादी डब्ल्यूएव्ही फाइल लॅपटॉपवर चालते आणि प्लेअरवर ‘ई-८३०५’ असा चुकीचा संदेश येतो, असं झालं तर गाणं सहसा ठीक असतं. काही सॉफ्टवेअर फाइलच्या मथळ्यात ‘एक्स्टेन्सिबल’ असा प्रकार लिहितात, तो जुन्या प्लेअरला कळत नाही. १६ बिट, ४४.१ च्या एआयएफएफमध्ये बदला, चालेल. १२८ केबीपीएसच्या एमपी३ चं मात्र एआयएफएफ करून काही मिळत नाही, फाइल फुगते एवढंच.

प्रश्न : एक ३००० आणि एक नेक्सस २ लॅनने जोडले तर एका पेनड्राइव्हवर चालतील का? (पुणे)

चालतील. फक्त दोन प्लेअर असतील तर एकच लॅन केबल पुरते. मिक्सरही जोडायचा असेल आणि त्याला लिंकचं एकच भोक असेल, तर साधा पाच पोर्टचा गिगाबिट हब घ्या. प्रत्येक प्लेअरचा क्रमांक वेगळा हवा. दोन्हीकडे ‘१’ असेल तर लिंक होत नाही. क्रमांक युटिलिटीत बदलतो, पण पेनड्राइव्ह आत असताना बदलू देत नाही. आधी ड्राइव्ह काढा. पाचवा आणि सहावा क्रमांक फक्त सगळे प्लेअर ३००० असतील तरच मिळतो. तुमच्या मिश्र जोडीत चारपर्यंतच.

की सिंक नेक्सस २ वर दिसणार नाही. पहिल्या, २००९ च्या सीडीजे-२००० वर तर बीट सिंकसुद्धा (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणं) नाही. ज्यांचं सगळं काम त्या एका बटणावर चालतं त्यांनी पाहुण्या प्लेअरवर जाण्याआधी हे माहीत करून घ्यावं.

प्रश्न : नव्या प्लेअरवर लावणी आणि जुनी कोळीगीतं लूप केली (एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला) की ताल तुटतो. हाउसच्या (क्लबमधल्या एकसारख्या ठोक्यांच्या) गाण्यांना असं होत नाही. मशीनमध्ये दोष आहे का? (रत्नागिरी)

मशीनमध्ये नाही, ग्रिडमध्ये आहे. कारणं दोन, आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिलं कारण: ही गाणी माणसांनी वाजवलेली आहेत. ढोलकीवाला कडव्यात पुढे सरकतो, ध्रुवपदाला सावरतो. रेकॉर्डबॉक्सचं साधं विश्लेषण सगळ्या गाण्याला एकच वेग धरतं, त्यामुळे सुरुवातीला जुळलेली ग्रिड दोन मिनिटांनी ठोक्यावरून घसरलेली असते. अशा गाण्यांना विश्लेषणाचा ‘डायनॅमिक’ प्रकार लावा. मग ग्रिड गाण्यामागे चालते. पण त्या गाण्याला सिंकचा मास्टर करू नका, नाहीतर दुसरं गाणं त्याच्याबरोबर डुलायला लागतं. सिंक बंद करून कानाने जुळवा.

दुसरं कारण तालाचं. प्लेअर सगळं चाराच्या हिशेबात मोजतो. कहरव्याच्या आठ मात्रा त्यात चपखल बसतात. दादऱ्याच्या सहा बसत नाहीत. समजा दादऱ्याचं एक आवर्तन १.८ सेकंदांचं आहे. ठेक्याचे दोन मुख्य आघात धरले तर वेग येतो ६६.७ बीपीएम (मिनिटाला ठोके). मात्रांच्या जोड्या धरल्या तर १००. प्रत्येक मात्रा धरली तर २००. सॉफ्टवेअरला विश्लेषणासाठी ७० ते १८० अशी रेंज दिलेली असेल, तर ६६.७ आणि २०० दोन्ही बाहेर पडतात आणि ते बऱ्याचदा १०० सांगतं. मग चार बीटचा लूप म्हणजे सव्वा आवर्तनाहून थोडा जास्त. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) येण्याऐवजी पुढच्या आवर्तनात लूप तुटतो. तुम्हाला ऐकू येतं ते हेच.

उपाय: गाण्याचा बीपीएम हाताने ६६.७ करा. दुप्पट-निम्मे करण्याची बटणं इथे उपयोगाची नाहीत, १०० चे ५० किंवा २०० होतील. आकडा टाइप करा किंवा मुख्य आघातांवर टॅप करा. मग ग्रिडची पहिली रेघ समेवर आणा. आता चार बीटचा लूप ३.६ सेकंदांचा, म्हणजे बरोबर दोन आवर्तनं. दुसऱ्या हाउसच्या गाण्याशी मिसळताना आकडा सोयीचा हवा असेल तर १३३.३ लिहा, एका आवर्तनात चार बीट येतील. त्यातल्या निम्म्या रेघा मात्रांवर पडणार नाहीत, पण सम सापडेल.

ऐन कार्यक्रमात दुरुस्तीला वेळ नसेल तर ऑटो लूप विसरा. क्वांटाइझ (लूप ग्रिडच्या रेघेवर आपोआप ओढणारी सोय) बंद करा, समेवर लूप इन दाबा, पुढच्या समेवर लूप आउट.

प्रश्न : जनरेटरवर प्लेअर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. (बीड)

बास वाजला की ॲम्प्लिफायर एकदम करंट ओढतो, जनरेटरचा व्होल्टेज क्षणभर पडतो आणि प्लेअर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. प्लेअर आणि मिक्सरला वेगळा यूपीएस द्या. दोन प्लेअर आणि मिक्सर मिळून दीडशे वॉटच्या आसपास लागतात, ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. ॲम्प त्यावर चुकूनही जोडू नका. सुरू करताना ॲम्प शेवटी, बंद करताना ॲम्प आधी.

प्रश्न : जुना नेक्सस २ घ्यायचा आहे. काय पाहू? (सोलापूर)

प्ले आणि क्यू ही बटणं आधी. त्यांच्या खालचे छोटे स्विच झिजतात. क्यू वीस वेळा पटापट दाबा. एकदाही दोनदा लागला किंवा लागलाच नाही तर स्विच बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. मग टेम्पोचा स्लाइडर. रेंज ±६ ला ठेवून अगदी सावकाश सरकवा. आकडा ०.०२ च्या पायऱ्यांनी बदलला पाहिजे. तो जागच्या जागी थरथरत असेल किंवा मधल्या खाचेत शून्य दाखवत नसेल तर आत धूळ आहे किंवा पट्टी झिजली आहे. जॉगची (मधल्या मोठ्या चाकाची) कड फिरवून सोडा, खरखर ऐका. पेनड्राइव्ह लावून बोटाने हलकेच हलवा. गाणं अडकून लूप सुरू झाला तर यूएसबीचा सॉकेट सैल आहे. ही चाचणी रिकाम्या ड्राइव्हवर चार गाणी टाकून करा. चालू ड्राइव्ह असा निसटला तर यादी बिघडू शकते. एरवी ड्राइव्ह काढतानाही यूएसबी स्टॉप दाबून दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं.

सीडीचा खण चालतो का, हेही पाहा. डोंबिवलीच्या वाचकांना अजून साडेतीनशे सीडी संपवायच्या आहेत.