नवी आवृत्ती आली की आपले पॅच कसे टिकवायचे?

प्रश्न: आम्ही वापरतो त्या एका पॅकेजच्या सोर्समध्ये मी सात ठिकाणी बदल केले आहेत. नवी आवृत्ती आली की ते सगळे पुन्हा हाताने करावे लागतात आणि दर वेळी एखादा राहतोच. काय करावं?

उत्तर: आधी ते सातही बदल सुटे करा. एका बदलाला एक पॅच फाइल, म्हणजे मूळ सोर्समध्ये काय बदलायचं ते सांगणारी फाइल. सगळ्यांची मिळून एकच मोठी डिफ (बदललेल्या ओळींची यादी) ठेवलीत, तर तिचा एक तुकडा अडला की कुठली ओळ कशासाठी होती, हे उकलण्यात दिवस जातो. डेबियन या लिनक्स वितरणाचं पॅकेज असेल तर क्विल्ट हे पॅच सांभाळणारं टूल वापरा. त्याच्या सीरीज फाइलमध्ये पॅचची नावं ज्या क्रमाने, त्याच क्रमाने पॅच लागतात. नवा सोर्स आला की एकेक पुश करायचा, म्हणजे लावायचा. अडेल तो दुरुस्त करून रिफ्रेश, म्हणजे पॅच फाइल नव्याने लिहून घ्यायची.

पण पॅच लागला म्हणजे योग्य जागी लागला असं समजू नका. आजूबाजूच्या ओळी थोड्या बदललेल्या असल्या, तरी पॅच कमांड 'फझ' धरून, म्हणजे न जुळणाऱ्या कडेच्या काही ओळींकडे दुर्लक्ष करून, पुढे जाते. टाइमआउट वाढवणारा माझा एक पॅच असाच 'फझ २' म्हणत शेजारच्या, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या फंक्शनमध्ये जाऊन बसला. बिल्ड झालं, टेस्टही पास. तीन आठवडे कुणाला पत्ता नाही! तेव्हापासून मी फझ शून्यावरच ठेवतो. अडलेला पॅच परवडतो, चुकीच्या जागी बसलेला नाही.

आणि प्रत्येक पॅचच्या डोक्यावर लिहा: का केला, कधी केला, मूळ प्रकल्पाला कळवलं का. हे मी कळकळीने सांगतोय. २००६मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमध्ये, तपासणीच्या टूलचे इशारे थांबावेत म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे एन्क्रिप्शनची की (किल्ली) बनवताना रँडमपणासाठी जवळपास फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक, उरला. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार की. हे उघडकीला आलं २००८मध्ये. बदल करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

पॅकेज होल्डवर टाकून, म्हणजे त्याचे अपडेट थांबवून, निश्चिंत राहू नका, सुरक्षेचे अपडेटही तिथेच अडतात. आवृत्तीच्या शेवटी 'लोकल१' अशी खूण जोडा, म्हणजे कुठल्या मशीनवर आपलं बिल्ड आहे ते लगेच दिसेल.

सातपैकी जे इतरांच्याही कामाचे असतील, ते मूळ प्रकल्पाकडे पाठवा. माझे अकरा होते. आठ तिकडे स्वीकारले गेले, आता तीनच सांभाळतो.