मुलीला घाबरवायचं काम माझ्याकडे देऊ नका

प्रिय पालक,

तुमची मुलगी बारावीला आहे, रसायनशास्त्रात हुशार आहे. रासायनिक अस्त्रांचे जुने कारखाने मोडण्याच्या कामात तिला जायचंय. ‘हा विषाशी खेळ आहे’ म्हणून तुम्ही केमिकल इंजिनिअरिंगचा फॉर्म अडवून धरलाय आणि तिचं मन वळवणारं उत्तर माझ्याकडे मागताय. ते मी देणार नाही. तिला हे का करावंसं वाटतं, याबद्दल अख्ख्या पत्रात एकही ओळ नाही. तुम्ही तिला विचारलंच नाहीत ना? मला तिच्या गुणांची नाही, याची काळजी वाटते. मनाविरुद्ध घेतलेल्या पदवीची चार वर्षं तिला काढायची आहेत, तुम्हाला नाही.

धोका खरा आहे, पण तो तुम्ही समजता तिथे नाही. टाक्या रिकाम्या करून धुतल्या तरी व्हॉल्व्हच्या पोकळीत, गॅस्केटखाली, पाइपच्या बंद टोकाला विषाचा थेंब उरतो. त्यावर गॅस कटर चालवला की त्याची वाफ होते. म्हणून आधी निर्विषीकरण, मग हवेचे नमुने, मग थंड पद्धतीने, म्हणजे ज्वाळेशिवाय, कापणं. व्हीएक्स या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषावर कॉस्टिक सोडा टाकला की काम झालं असं वाटतं. पण त्याचा काही भाग ईए-2192 या पदार्थात बदलतो आणि तोही अत्यंत विषारी असतो. त्याचं विघटन व्हायला तीव्र, गरम कॉस्टिक आणि पुरेसा वेळ लागतो. नमुन्यात व्हीएक्स सापडलं नाही, एवढ्यावर सही करणारा माणूस इथे चालत नाही. हे शिकायला धाडसापेक्षा चिकाटी लागते.

तुमचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. हेगच्या ओपीसीडब्ल्यूचे, म्हणजे रासायनिक अस्त्रबंदीवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, निरीक्षक हातात कटर घेऊन कारखाने पाडत नाहीत. 1997 पासून लागू असलेल्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार मोडायचं काम आणि खर्च त्या त्या देशाचा. निरीक्षक जाहीर केलेल्या यादीशी एकेक यंत्र ताडून पाहतात, सील लावतात, रिॲक्टर पुन्हा वापरता येणार नाही असा कापला गेलाय याची जागेवर खात्री करतात. शांततेच्या वापरासाठी बदललेल्या कारखान्यावर तर त्यानंतरही दहा वर्षं नजर ठेवली जाते.

आता तिच्यासाठी एक कटू गोष्ट. जाहीर झालेल्या 97 कारखान्यांपैकी 74 नष्ट झाले, 23 बदलले गेले; म्हणजे त्या यादीतलं मोडायचं काही उरलेलं नाही. निरीक्षकाची नेमणूक मुदतीची, साधारण कमाल सात वर्षांची असते, आणि तिथे ताजे पदवीधर नव्हे, कारखान्यात मुरलेली माणसं घेतात. तेव्हा याच एका पदावर डोळा ठेवून पदवी निवडू नये. केमिकल इंजिनिअरिंग करावं, मग चालू कारखान्यात प्रोसेस सेफ्टी, म्हणजे प्रक्रियेतले अपघात टाळणं, आणि जुने प्लांट बंद करण्याचं काम शिकावं. साध्या रासायनिक उद्योगांची तपासणी करारानुसार सुरूच राहणार आहे. तिथे हाच अनुभव लागतो. प्रवेश परीक्षा नेहमीच्याच, त्यावर शब्द खर्च करत नाही.

फॉर्म या आठवड्यात भरू द्या. पुढचे प्रश्न तिने स्वतः लिहून पाठवावेत, तुम्ही न तपासता.