महाग मॉडेलच्या तोडीस तोड ठरेल अशी कमी किमतीची इलेक्ट्रिक गिटार कोणती?

कमी किमतीची इलेक्ट्रिक गिटार महाग गिटारची बरोबरी करू शकते का, करत असेल तर कोणती घ्यावी, आणि ‘स्वस्त घेशील तर दोनदा पैसे मोजशील’ हा मित्राचा सल्ला मानून आणखी वर्षभर पैसे साठवत थांबावे का, असे आपण विचारले आहे. थांबू नये. मित्राचे ते वाक्य नेमक्या त्याच शब्दांत मला आमच्या बँडमधील ज्येष्ठ गिटारवादकांनी ऐकवले होते आणि त्याचा प्रतिवाद करण्याची संधी मी सहसा सोडत नाही. मॉडेलांची नावे पुढे येतीलच.

त्या वेळी माझ्याकडे एका मोठ्या कंपनीच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील गिटार होती, आणि त्यांच्याकडे तिच्या किमान पाचपट किमतीची, नामांकित कारखान्याची. सरावात माझी तिसरी तार, म्हणजे ‘जी’ (G) सुराची, सतत उतरत असे. सोलोमध्ये एक मोठा बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला ढकलून सूर चढवला, की पुढच्याच कॉर्डमध्ये ती बेसूर वाजे आणि सगळे माझ्याकडे पाहत. ज्येष्ठांनी निदान तत्काळ केले: खुंट्या हलक्या प्रतीच्या आहेत, ताण पडला की घसरतात, स्वस्त वाद्य सूर धरत नसते. बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण महाग वाद्य बाळगणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेले निदान तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही.

ते निदान यंत्ररचनेच्या दृष्टीनेच टिकणारे नव्हते. गिटारच्या खुंटीत वर्म गिअर, म्हणजे मळसूत्राने फिरणारे दातेरी चाक, असतो. बोटांनी खुंटी फिरवली की तार गुंडाळलेला दांडा फिरतो, परंतु तारेने कितीही ओढले तरी तो दांडा खुंटीला उलट फिरवू शकत नाही. हलक्या प्रतीच्या खुंटीत ढिलेपणा असतो, सूर लावताना ती अडखळते, आणि चौदास एक प्रमाणाच्या खुंटीपेक्षा अठरास एक प्रमाणाची खुंटी सूर अधिक बारकाईने लावू देते, हे सगळे खरे आहे. पण खालून वर चढवत नेऊन सुरात थांबवलेली खुंटी, ती मोडकी नसेल तर, आपणहून घसरत नाही.

मी घरी बसून एक साधी तपासणी केली, ती आपणही कोणत्याही गिटारवर करून पाहावी. मोठा बेंड घेऊन तार सोडली. ट्यूनरवर ती उतरलेली दिसली. मग नट (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) आणि खुंटी यांच्यामधल्या तारेच्या तुकड्यावर बोटाने हलके दाबून बोट काढून घेतले, आणि सूर जागेवर आला तो तिथेच राहिला. खुंटी घसरली असती तर बोट काढताच तार पुन्हा उतरली असती. म्हणजे बेंड घेताना तार नटच्या खाचेतून ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या, बाजूला किंचित सरकत होती आणि सोडल्यावर खाच तिला मागे जाऊ देत नव्हती. कारखान्याने खाचा ०.००९ इंचापासून सुरू होणाऱ्या तारांच्या संचासाठी कापल्या होत्या आणि मी ०.०१० चा संच चढवला होता. त्यामुळे तिसरी तार ०.०१६ ऐवजी ०.०१७ इंचाची झाली आणि आधीच घट्ट असलेल्या खाचेत रुतून बसली. सूर चढवताना नटमधून येणारा ‘टक्’ असा आवाज आणि पाठोपाठ सुराने मारलेली उडी ही याच दोषाची खूण असते. मी योग्य मापाच्या कानशीने खाच अगदी थोडी रुंद केली, तिचा तळ हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकाच्या, दिशेने उतरता ठेवला, म्हणजे तार नटच्या फ्रेटकडील (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कडेवरच टेकेल, आणि खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली. एकही सुटा भाग विकत आणावा लागला नाही. कानससुद्धा मागून आणलेली होती.

पुढच्या सरावाला तार टिकली. त्यानंतरच्याही टिकली. ज्येष्ठांनी ‘हे तात्पुरते आहे’ एवढेच म्हटले आणि नव्या खुंट्यांसाठी पैसे साठवायला सांगितले. गंमत अशी की त्यांची स्वतःची तिसरी तारही उतरत असे आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यानंतर ते ती जुळवत असत. मात्र माझ्या गिटारचा दोष किमतीचा आणि त्यांच्या गिटारचा दोष हवामानाचा. वास्तविक त्यांच्या वाद्याचा हेडस्टॉक मागे झुकलेला आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्यांचा होता. अशा रचनेत मधल्या दोन तारा, म्हणजे तिसरी आणि चौथी, नट ओलांडल्यावर मागे वळतात आणि शिवाय बाहेरच्या बाजूला वाकून आपापल्या खुंटीपर्यंत जातात; या दुहेरी वळणामुळे खाचेतले घर्षण वाढते. ही भूमिती स्वस्त प्रतीत आणि मूळ महाग मॉडेलमध्ये सारखीच असते, आणि पैशाने ती सरळ होत नाही. उलट सहा खुंट्या एका ओळीत असलेल्या फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या हेडस्टॉकवर तारा नटमधून जवळजवळ सरळ जातात, मग ती गिटार सर्वांत स्वस्त का असेना. मी हे सगळे त्यांना कागदावर काढून दाखवले आणि नटला हात लावू देण्याची विनंती केली. एवढ्या किमतीच्या वाद्याला कानस लावण्याची कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. त्यांनी त्याच गिटारला आणखी महाग खुंट्या बसवून घेतल्या. तार पूर्वीसारखीच उतरत राहिली आणि हवामानही सुधारले नाही.

आता पैसे नेमके कशाचे असतात ते पाहू. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास जी गिटार बाजारात आणली आणि जी १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखली जाते, ती मुळातच कारखान्यात भराभर तयार व्हावी आणि सहज दुरुस्त करता यावी म्हणून आखलेली होती: सपाट फळीची बॉडी आणि तिला चार स्क्रूंनी जोडलेला नेक. ज्या वाद्याची रचनाच काटकसरीतून जन्मली त्याची स्वस्त आवृत्ती चांगली निघाली तर नवल वाटण्याचे कारण नाही. आज बॉडी आणि नेक संगणकावर चालणारी यंत्रे कापतात, आणि यंत्राला आपण कोणत्या देशात उभे आहोत याच्याशी कर्तव्य नसते. फरक पडतो तो त्यानंतरच्या मानवी तासांत. फ्रेट एका पातळीत आणणे, त्यांची टोके गोल करणे, फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या फळीच्या, कडा मऊ करणे, नटच्या खाचा तारेगणिक योग्य खोलीपर्यंत नेणे, लाकूड पुरेसे सुकेपर्यंत वाट पाहणे, ही कामे वेळखाऊ आहेत आणि स्वस्त गिटारवर ती घाईने उरकलेली असतात. यांतली लाकूड सुकवण्याखेरीज बहुतेक सगळी कामे वाद्य विकत घेतल्यानंतरही करून घेता येतात. चांगल्या तंत्रज्ञाने केलेल्या फ्रेट-नटच्या कामानंतर वाजवणाऱ्या हाताला जाणवणारे अंतर इतके कमी होते की उरलेले अंतर मुख्यतः हेडस्टॉकवरील नावाचे राहते.

या नावाच्या बाबतीत इतिहासही बोलका आहे. फेंडरने स्क्वायर या नावाने १९८२ मध्ये जपानी बनावटीच्या ज्या गिटार आणल्या, त्या स्वस्त पर्याय म्हणून आणल्या होत्या. आज त्यांतल्या सुरुवातीच्या गिटार संग्राहक शोधत फिरतात. गिब्सन या गिटार कंपनीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकाविरुद्ध नकलेबद्दल दावा लावला, तो हेडस्टॉकच्या आकारावरून. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. १९५० च्या दशकातील डॅनइलेक्ट्रो गिटारच्या बॉडीचे वरचे-खालचे पृष्ठभाग मेसोनाइटचे, म्हणजे दाबून बनवलेल्या हार्डबोर्डचे होते आणि पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणारे भाग, लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत बसवलेले होते; ‘लेड झेपेलिन’ बँडचे जिमी पेज यांनी डॅनइलेक्ट्रोची गिटार मोठमोठ्या मंचांवर वाजवली. ‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी तर वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरीच गिटार बनवायला घेतली, तिचा नेक शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडाचा आहे, आणि आयुष्यभर त्यांनी तीच मुख्य वाद्य म्हणून वापरली.

लाकडाविषयी मी स्पष्टच लिहितो. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये पिकअप हे मायक्रोफोनसारखे हवेतला आवाज ऐकत नाही. चुंबकीय क्षेत्रात पोलादी तार हलली की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, तोच आपला आवाज. त्यात लाकडाचा वाटा असलाच तर तो पिकअप तारेपासून किती अंतरावर आहे, तारा किती जुन्या आहेत आणि शेवटी अ‍ॅम्पमधला स्पीकर कोणता आहे, यांच्यापुढे नगण्य असतो. म्हणून विदेशी लाकडाच्या वर्णनांवर पैसे खर्चू नयेत. ज्या स्वस्त गिटारवर ज्वाळांसारखी नक्षी असलेला कागदासारखा पातळ थर, सोनेरी मुलाम्याचे भाग आणि फिंगरबोर्डभर चमकदार जडावकाम एकत्र दिसेल, तिच्यापासून तर दूरच राहावे; नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो प्रकार असतो, कारण जो पैसा फ्रेटवर जायला हवा होता तो दिखाव्यावर गेलेला असतो.

आपल्याला नावे हवी होती. यामाहा पॅसिफिका ११२ व्ही हे माझे पहिले उत्तर आहे: १९९० पासून चालत आलेली मालिका, ऑल्डरची बॉडी, दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप आणि ब्रिजजवळ एक हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप), जो टोनची कळ ओढून सिंगल कॉइलसारखा वाजवता येतो. जुन्या धाटणीचा आवाज हवा असेल तर स्क्वायरची क्लासिक व्हाइब मालिका, अ‍ॅल्निको चुंबकांच्या पिकअपांसह. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलचा आकार मनात भरला असेल तर गिब्सनच्याच मालकीची एपिफोन, मात्र वर सांगितलेली तिसऱ्या तारेची भूमिती गृहीत धरून. थोडे अधिक पैसे असतील तर पीआरएस कंपनीची एसई मालिका. कॉर्ट हे नाव अनेकजण ओलांडून पुढे जातात, पण त्या कंपनीचे कारखाने इतर अनेक नामांकित ब्रँडसाठी गिटार बनवतात हे ध्यानात ठेवावे. दुकानातली नेमकी कोणती गिटार उचलावी, हे मात्र मी सांगू शकत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गिटारांत जेवढा फरक असतो तेवढा कधीकधी दोन कंपन्यांत नसतो.

म्हणून हातात घेऊन नेक पाहावा. पिळलेला नेक, फिरवूनही परिणाम न करणारा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) आणि चुकीच्या जागी बसवलेला ब्रिज हे तीन दोष परवडणाऱ्या खर्चात दुरुस्त होत नाहीत; बाकीचे होतात. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली केसभर फट दिसते का ते पाहावे. पहिली आणि सहावी तार फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर हवी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळत नसतील तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा आधार, पुढे-मागे सरकायला जागा शिल्लक आहे ना, याची खात्री करावी. वरच्या फ्रेटवर बेंड घेताना आवाज गुदमरत असेल तर फ्रेटचे काम लागेल, त्याचा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी. पॉटची, म्हणजे आवाजाच्या आणि टोनच्या कळांची, खरखर मात्र किरकोळ आहे.

काही अपवाद सांगायला हवेत. फ्लॉइड रोझ पद्धतीचा, दोन्ही टोकांना तारा जखडणारा ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने सूर हेलावणारा ब्रिज, हवा असेल तर स्वस्त गिटार घेऊ नये. त्याच्या ज्या धारदार कडांवर सगळा तोल असतो त्या नरम धातूच्या असल्या की लवकर झिजतात, आणि तिथे कानस उपयोगाची नाही. पुढे विकताना स्वस्त गिटारची किंमत अधिक घसरते, हेही खरे. सगळे पैसे गिटारवर घालून उरलेल्या चिल्लरीत अ‍ॅम्प घेणे ही तर महाग गिटारवाल्यांचीही खोड आहे. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये साधी गिटार शोभते, याच्या उलट कधीच होत नाही.

आणि मित्राच्या ‘दोनदा पैसे’ या मुद्द्याबद्दल: गिटार, फ्रेट-नटचे काम आणि पुढे कधी वाटलेच तर नवे पिकअप, एवढे सगळे मिळूनही महाग मॉडेलच्या निम्म्यापर्यंत क्वचितच पोहोचते. शिवाय महाग गिटारलाही सेटअप, म्हणजे वाजवण्यासाठीची जुळवणी, लागतोच, तो कोणी हिशेबात धरत नाही. काम करून घेण्यापूर्वी आपण कोणत्या जाडीच्या तारा वाजवणार हे मात्र ठरवा, तोच संच चढवून गिटार तंत्रज्ञाकडे द्या आणि नटच्या खाचा त्या मापाने करून मागा. पुढे जाडी बदललीत तर तिसऱ्या तारेकडे सर्वांत आधी पाहा, आणि कोणी खुंट्या बदलायला सांगितल्या तर आधी नटमागे बोट दाबून बघा.