त्या डब्ल्यूचंही बघू

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा ईमेल पहाटे 2 वाजून 40 मिनिटांनी आलेला दिसला. सकाळी वाचला तेव्हा ग्रेडचा विचार नंतर आला. हा पोरगा चार रात्री झोपलेला नाही, हेच आधी मनात आलं. एवढ्या लांबलचक पत्रात तू सहा परिच्छेद एका चुकीवर लिहिलेस आणि शेवटी, "ता. क." लिहावं तसं, एक वाक्य टाकलंस. मला त्या वाक्याबद्दल जास्त बोलायचं आहे. पण तू सहा परिच्छेदांवर अडला आहेस, तर आधी तेच बघू.

कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षं करून यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, जायचं (याचंच नाव ट्रान्सफर), त्या अर्जात तुझ्या हातून कॅल्क्युलस आणि इतिहास यांचे ग्रेड अदलाबदल होऊन गेले. कॅल्क्युलस 5 युनिटांचं, त्यात खरा ग्रेड बी. इतिहास 3 युनिटांचा, त्यात ए. अर्जात कॅल्क्युलसपुढे ए पडला, इतिहासापुढे बी. वहीची पाठकोरी बाजू घे आणि हिशोब मांड, मी इथे तोच करतेय. बीचे 3 गुण गुणिले 5 युनिटं म्हणजे 15, एचे 4 गुणिले 3 म्हणजे 12, बेरीज 27. चुकीच्या नोंदीत 20 आणि 9, म्हणजे 29. फरक दोन गुणांचा. तुझी 60 युनिटं झाली आहेत आणि खरा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, 3.60 आहे, चुकीच्या नोंदीने तो 3.63 दिसतो. दशांशाच्या दुसऱ्या घरातला फरक. एवढ्यासाठी कुणी तुला खोटारडा म्हणणार नाही.

तरीही "मग सोडून देऊ का?" असं विचारलंस, त्याला माझं उत्तर नाही असं आहे. तू इंजिनीअरिंगसाठी अर्ज केला आहेस. तिथे अर्ज वाचणारा माणूस जीपीएवर नजर टाकून पुढे जातो आणि मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, तयारीच्या विषयांवर थांबतो: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र. नुसता इतिहासातला 'ए' चुकून 'बी' झाला असता तर कुणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. कॅल्क्युलसचा 'बी' मात्र 'ए' म्हणून दिसतोय, नेमका तो माणूस वाचतो त्या जागी आणि तुझ्या फायद्याच्या बाजूने. म्हणून कळवायचं. घाबरून नव्हे, सरळपणे.

तुझ्या आईबाबांची काळजीही मला कळते. त्यांच्या मनात मार्कलिस्ट आहे: शिक्का मारलेला कागद, त्यावरचं अक्षर म्हणजे शेवटचं. यूसीची पद्धत उलटी आहे. अर्ज करताना ते ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं गुणपत्रक, मागतच नाहीत. तू स्वतः टाइप केलेल्या ग्रेडवर निर्णय होतो, प्रवेश मिळतो तो सशर्त, आणि मग तू ज्या ज्या कॉलेजात शिकलास त्या प्रत्येकाचं अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट 1 जुलैपर्यंत पोचावं लागतं. तेव्हा दोन कागद शेजारी शेजारी ठेवले जातात. आधी तुझ्या शब्दावर विश्वास, पडताळणी नंतर. अशा व्यवस्थेत चूक होणार हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत असतं, म्हणून दुरुस्तीची खिडकीही ठेवलेली आहे: ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट. डिसेंबरात उघडते, जानेवारीअखेर बंद होते. यंदाची नेमकी तारीख तुझ्या पोर्टलवर बघून कॅलेंडरात टाक. फॉल, म्हणजे डिसेंबरात संपणाऱ्या सत्राचे ग्रेड तिथे भरायचेच असतात, तू भरलेस की नाही हेही पाहिलं जातं. आधीच्या नोंदीतली चूकही तिथेच सुधारायची.

एक प्रश्न मात्र मला पडला. अदलाबदल झालीच कशी? तुझ्या पत्रात उत्तर आहे, तू ओझरतं लिहिलंस: "कॅनव्हासवरून बघून भरलं." इथे माझा आवाज जरा चढतो, सांभाळून घे. कॅनव्हास म्हणजे वर्गाची वेबसाइट, तिथे दिसते ती वर्गातल्या गुणांची बेरीज. शिक्षकांनी शेवटी काय नोंदवलं ते तिथे दिसेलच असं नाही. कुणी उशिराचा गृहपाठ मोजतं, कुणी सर्वात कमी गुणांची चाचणी वगळतं. ग्रेड म्हणजे ट्रान्स्क्रिप्टवरचं अक्षर, दुसरं काही नाही. कॉलेजच्या पोर्टलवरून अनधिकृत ट्रान्स्क्रिप्ट फुकट उतरवता येतं. ते छाप. अर्जाची पीडीएफ छाप. दोन्ही टेबलावर ठेव, पट्टी घे आणि एकेक ओळ खाली सरकव: विषयाचा क्रमांक, सत्र, युनिटं, ग्रेड. मी इतकी वर्षं कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये बसते आहे, तरी पट्टीशिवाय करत नाही. एक चूक सापडली की दुसरी असतेच, कारण दोन्ही एकाच थकलेल्या रात्री झालेल्या असतात.

(पट्टी फिरवताना ट्रान्स्क्रिप्टवरच चुकीचा ग्रेड सापडला, तर ती वेगळी लढाई. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कम्युनिटी कॉलेजात शिक्षकाने दिलेला ग्रेड अंतिम असतो. बदल होतो तो नोंदीतली चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अकार्यक्षमता सिद्ध झाली तरच. साधी नोंदीची चूक असेल तर शिक्षक स्वतः फॉर्म भरून सुधारतात. आधी त्यांना भेट, लगेच डीनकडे धावू नकोस.)

आता ते शेवटचं वाक्य. तुझ्याच शब्दांत: "मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं, सहा आठवड्यांचं, तीन आठवड्यांनी सोडलं, तिथे डब्ल्यू आहे, पण ते आमच्या ट्रान्स्क्रिप्टवर येत नाही, म्हणजे ते धरायचं नाही ना?"

धरायचं. सगळं धरायचं.

डब्ल्यूची (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडला) भीती वाटते कारण ते अक्षर एफच्या, म्हणजे नापासाच्या, शेजारी ठेवल्यासारखं दिसतं. पण डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही. सत्राच्या अगदी सुरुवातीच्या मुदतीत नाव काढलं तर ट्रान्स्क्रिप्टवर काहीच उमटत नाही. मुदत उलटल्यावर काढलं की डब्ल्यू. म्हणजे तू योग्य वेळी योग्य बटण दाबलंस आणि नापास व्हायचं टाळलंस, एवढाच त्याचा अर्थ. अर्ज वाचणाऱ्यांनी असे हजारो पाहिलेले असतात. उन्हाळ्यातला एकटा डब्ल्यू कुणाला थांबवत नाही. पुढचं वाक्य नीट वाच: तो डब्ल्यू लपला तर मात्र एक अख्खं कॉलेज लपतं. अर्जात लिहिलेलं असतं की शिकलेलं प्रत्येक कॉलेज आणि घेतलेला प्रत्येक कोर्स नोंदवा. पूर्ण झालेला, सोडलेला, नापास झालेला, पुन्हा केलेला. आणि माहिती खरी व पूर्ण आहे, असं म्हणत तू सही केलीस. कॅल्क्युलसची अदलाबदल पाहून कुणीही म्हणेल, ओळ चुकली. गायब कॉलेज पाहिलं की वाचणारा थांबतो, कारण ओळ चुकल्याने कॉलेज गायब होत नाही.

"त्यांना कळणार कसं?" हे तू विचारलेलं नाहीस, पण पहाटे 2:40 ला ते डोक्यात आलं असणार. कळू शकतं. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस ही विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था 1993 पासून आहे आणि देशभरातली कॉलेजं तिथे नोंदणीची माहिती पाठवतात. पण मी हे तुला धाक घालायला सांगत नाही. लपवलेली गोष्ट सांभाळत दोन वर्षं डिग्री करायची, हा उद्योग तुझ्या स्वभावाला झेपणारा नाही. तू अदलाबदलीवर चार रात्री जागलास.

माझ्या टेबलासमोर काही वर्षांपूर्वी एक मुलगी बसली होती. तुझ्यापेक्षा मोठी, दिवसा नोकरी. वयाच्या अठराव्या वर्षी ती दुसऱ्या गावच्या एका कॉलेजात एक सत्र जाऊन आली होती, घरात आजारपण होतं, सगळ्या विषयांत एफ. नंतर आमच्याकडे येऊन जवळजवळ सरळ ए मिळवले. अर्जात तिने ते जुनं कॉलेज लिहिलंच नव्हतं. मला कळलं ते आयजेटसीचं, म्हणजे ट्रान्सफरसाठीचे सामान्य विषय पूर्ण झाल्याचं, प्रमाणपत्र करताना. त्याला सगळ्या कॉलेजांची ट्रान्स्क्रिप्ट लागतात. (आता आयजेटसी जाऊन कॅल-जेटसी आलंय, नाव बदललं तरी हा भाग तोच.) मी विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "ती मी नव्हतेच." पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून चार ओळींचा ईमेल लिहिला. जानेवारीत पाठवला. एप्रिलमध्ये तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, एका ठिकाणी नाही. ते एक ठिकाण एफमुळे गेलं की कशामुळे, आम्हाला कधीच कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. जुलैत ट्रान्स्क्रिप्ट पाठवताना तिचा हात थरथरला नाही, हे मात्र मी पाहिलं.

तुझा ईमेलही असाच छोटा हवा. तू मला पाठवलेला मसुदा दीड पानाचा आहे, त्यात "अत्यंत खेद" तीनदा आणि आजीचं ऑपरेशन एकदा आलंय. ते काढ. आजीचा आणि कॅल्क्युलसचा संबंध नाही. इंग्रजीत तू लिहिशीलच, आशय एवढाच ठेव:

"माझा अर्ज क्रमांक अमुक. अर्जात दोन दुरुस्त्या कळवत आहे. एक, कॅल्क्युलस आणि इतिहास यांचे ग्रेड अदलाबदल झाले आहेत. बरोबर ग्रेड अनुक्रमे बी आणि ए. दोन, मागच्या उन्हाळ्यात मी अमुक कॉलेजात स्टॅटिस्टिक्ससाठी नोंदणी केली होती आणि कोर्स सोडला, ग्रेड डब्ल्यू. हे कॉलेज नोंदवायचं राहिलं. दोन्ही ट्रान्स्क्रिप्ट मागाल तेव्हा पाठवीन."

संपलं. हा यूसीच्या अर्ज केंद्राला पाठव, प्रत तुझ्या फोल्डरमध्ये ठेव, आणि अपडेट उघडलं की तीच दुरुस्ती तिथेही कर. नव्या कॉलेजसाठी तिथे जागा दिसली नाही, तर ज्या ज्या कॅम्पसला अर्ज केलायस त्यांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला हाच मजकूर वेगळा पाठव. उत्तर दोन ओळींचं येईल, "नोंद घेतली" छापाचं, किंवा येणारच नाही. दर दोन दिवसांनी आठवण करू नकोस. कॅल स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाच्या, अर्जातही कोर्स स्वतःच भरायचे असतात, म्हणजे तिथेही तीच अदलाबदल आणि तोच विसर असणार, तिथेही कळव. खासगी विद्यापीठं बहुतेक अर्जाबरोबरच अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट मागतात, त्यामुळे खरा ग्रेड त्यांच्यासमोर असतोच. पण दुसऱ्या कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट त्यांनाही हवं.

तुझी भीती जिथे आहे तिथे धोका फारसा नाही, हे मी का म्हणते त्याचं एक उदाहरण. 2017 च्या उन्हाळ्यात यूसीच्या अर्व्हाइन कॅम्पसने सत्र सुरू व्हायला दोनेक महिने असताना सुमारे 500 नव्या विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द केले. ते बारावीनंतर आलेले होते, ट्रान्सफरचे नव्हेत, पण नियमांची जातकुळी तीच. त्यातल्या निम्म्याहून अधिक, जवळजवळ 290 जणांचं कारण होतं ट्रान्स्क्रिप्ट: वेळेत पोचलं नाही किंवा त्यात काही उणीव राहिली. बाकीच्यांचे शेवटच्या वर्षाचे ग्रेड घसरले होते. ओरड झाली, कुलगुरूंनी माफी मागितली आणि ट्रान्स्क्रिप्टच्या कारणावरून काढलेल्यांना परत घेतलं. पण त्या मुलांचा तो आठवडा कसा गेला असेल बघ. स्प्रिंगच्या, म्हणजे पुढच्या सत्रात "यादीत टाकलं होतं पण नाही घेतलं" असा एखादा कोर्स झाला, तर तेही यूसीला लगेच कळवायचं. सशर्त प्रवेशातल्या अटी म्हणजे तू स्वतः लिहून दिलेला बेतच असतो.

शनिवारी दुपारी फोन कर, मी घरी आहे. त्याआधी एक काम: त्या दुसऱ्या कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन ट्रान्स्क्रिप्ट उतरव. तिथला विद्यार्थी क्रमांक तुला आठवणार नाही, सहा आठवड्यांच्या कोर्सचा कुणाला आठवतो. नोंदणी झाल्याचा पहिला ईमेल शोध, त्यात असतो. सापडला नाही तर त्यांच्या अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्सला फोन लाव, नाव आणि जन्मतारीख विचारतील. नाताळची सुट्टी लागली की तिथे फोन उचलायला कुणी नसतं, तेव्हा उद्या सकाळीच.

तुझी
काकू

ता. क. इतिहासात ए मिळाल्याचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस.